कमानीतली रेती

१

जीप उलटली ती काही जोरात नव्हे. स्पर्धेत कुंडलिका नदीच्या काठावरच्या चढावर चाक घसरलं, गाडी कलली, आणि झोपेत माणूस कूस बदलतो तशी हळूच डावीकडे आडवी झाली. बघणाऱ्यांनी शिट्ट्यासुद्धा मारल्या. अशा कलंडण्यासाठीच तर डोक्यावर तो लोखंडी पिंजरा बसवलेला असतो. मग कोणीतरी ओरडलं, कारण पिंजरा आत आला होता.

चालवत होता निलेश, माझा नवरा. त्याला कोपरावर खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. डाव्या सीटवर वाट सांगायला प्रणित बसला होता, निलेशचा शाळेपासूनचा मित्र. प्रणितच्या मणक्याला मार बसला. पायांना स्पर्श कळत नाही. कधी कळेल, कळेल की नाही, हे पेणच्या डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या लहानग्या विठूला कडेवर घेऊन रोह्यात जगनकाकांच्या शेडमध्ये उभी होते. जगनकाका म्हणजे आमच्या जीपवाल्यांच्या क्लबचे सर्वेसर्वा. निलेश पहिल्या शिफ्टला धाटावला कंपनीत गेला होता. जाताना म्हणाला, "तू आता त्यात डोकं घालू नकोस, मनू. व्हायचं ते झालं." पण मला झोप लागलेली नव्हती, आणि झोप लागली नाही की मी वस्तू मोजत सुटते, तपासत सुटते. गॅस, कडी, विठूचा श्वास.

पिंजऱ्याला दोन मोठ्या कमानी असतात, एक पुढे आणि एक सीटच्या मागे. त्यांना आडव्या दांड्या बोल्टनं जोडलेल्या. मागची कमान शहाळ्यातली नळी विठू चावून दुमडतो तशी दुमडली होती.

"बघून काय होणार गो पोरी?" जगनकाका म्हणाले. "पिंजरा करताना अय्यूबनं पाइप खाल्ला, जाडाच्या पैशात पातळ घातला. एवढंच हाय. आज पाचला पेणला ठाण्यात फिर्याद देतोय मी. पोरगा अंथरुणाला खिळला, आता कसली भीडभाड?"

"काका, तो पाइप मी निवडला होता."

खरंच मी निवडला होता. मी बीएस्सी केमिस्ट्री, विठू व्हायच्या आधी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. पिंजरा करायचा ठरला तेव्हा मी रात्रंदिवस फक्त पाइपांबद्दल वाचत होते. पेणला अय्यूबचाचांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. चाचांनी आयुष्याची वीस वर्षं सौदीत वाळवंटातल्या गाड्यांचे पिंजरे करण्यात घालवलेली. त्यांनी दोन पाइपांचे बांगडीसारखे काप काढून माझ्यापुढे ठेवले. बाहेरून दोन्ही सारखेच जाड दिसत होते.

"हा पत्रा गुंडाळून शिवलेला. आत बोट घाल, शिवण लागेल. आणि हा बिनशिवणीचा, सबंध ओढलेला. ह्याची भिंत दुप्पट."

निलेश म्हणाला होता, "चाचा, डोक्यावर वजन वाढलं की चढाला गाडी डुलते. मागच्या वर्षी शेवटच्या चढालाच मार खाल्ला आपण."

"तुझा चढ तुझ्याकडे," मी म्हणाले होते. "मला तुझं डोकं जागेवर पाहिजे. बिनशिवणीचा. जाड."

"बरं बाई," असं म्हणून निलेश हसला होता. जाड पाइपची ती बांगडी मी घरी आणली. विठूच्या खेळण्यांत तीच त्याची सगळ्यात लाडकी. निलेशनं मध्यंतरी त्याला जुन्या टबात रेतीही आणून दिली होती खेळायला, पण विठूनं पहिल्याच दिवशी मूठभर तोंडात कोंबली आणि थू थू करत जो रडला की मी टबावर पाटच ठेवून दिला. बांगडी त्यापेक्षा बरी. गिळता येत नाही.

ती बांगडी मी पर्समधून काढली. दुमडलेल्या कमानीला जिथे चीर गेली होती तिथे धरली. त्या पाइपची भिंत माझ्या बांगडीच्या निम्मीसुद्धा नव्हती. चिरेतून करंगळी आत घातली.

आत शिवण होती.

२

"मग मी काय सांगतोय?" जगनकाका म्हणाले.

"पण वजन तुम्हीच केलं होतं ना?"

काकांचा चेहरा जरा बदलला. आमच्या क्लबची एक पद्धत आहे. बाहेरच्या स्पर्धांत पाइपला बारीक भोक पाडून भिंतीची जाडी मोजतात म्हणे. इथे कोणी आपल्या पिंजऱ्याला भोक पाडू देत नाही; नव्या गाडीवर ओरखडा काढल्यासारखं वाटतं लोकांना. म्हणून काका पिंजरा सुटा असतानाच भंगारवाल्याच्या काट्यावर चढवतात. लांबी ठाऊक असते, जाड पाइपचं वजन किती भरायला हवं हे ठाऊक असतं. भरलं की पिंजरा गाडीत बसतो आणि बोल्टांच्या डोक्यांवर काका स्वतः पिवळा रंग लावतात. तो रंग तडकला तर गाडी बाद.

"बरोबर भरलं होतं," काका सावकाश म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि रंग?"

त्यांनी वाकून एकेक बोल्ट पाहिला. "तडकलेला नाय."

म्हणजे कमानी नंतर बदललेल्या नव्हत्या. काट्यावर चढल्या त्याच ह्या. पातळ पाइप, आणि वजन मात्र जाडाचं. मी बांगडीनं कमानीवर ठोकत गेले. वरच्या बाजूला टिणटिण वाजत होतं. खाली पायाकडे आवाज मेला, पोतं थोपटल्यासारखा.

"काका, आत काहीतरी आहे."

पायथ्यापाशी पाइपवर काळा स्पंज गुंडाळलेला होता. तो सोलला तर खाली एक भोक, पुट्टी भरून बुजवलेलं. पलीकडच्या पायालाही तसंच भोक, पण ह्यातली पुट्टी उकरून काढलेली. काकांनी तारेनं आत डिवचलं. आधी काही नाही. मग तांबूस ढेकळं पडली वर्तमानपत्रावर. रेती. ओलसर, गंजानं लाल झालेली, गूळ घट्ट बसावा तशी बसलेली.

"अगं बाई!" असं काकाच म्हणाले.

डाव पहिल्याच नजरेत कळण्यासारखा होता. पातळ कमानीत रेती भरून वजन जुळवायचं. रंग लागला, की भोक उघडून रेती हळूहळू सोडून द्यायची.

मी चिमूट उचलली आणि जिभेला लावली. लॅबमध्ये असलं काही केलं असतं तर मॅडमनी हाकलून दिलं असतं.

"खारट आहे," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी मला कळलं की हे बोलायला नको होतं. काकांचे डोळे चमकले. "खाडीची! रोह्यात सगळी गोड्या पाण्याची रेती, कुंडलिकेची. आणि अय्यूबचं वर्कशॉप कुठं? खाडीच्या काठाला! शाब्बास गो पोरी, पुरावाच काढून दिलास."

"काका, ऐका. माझे वडील मिठागरात होते. आमच्याकडे खाडीची रेती लोखंडाच्या जवळ येऊ देत नाहीत. मिठागरात फावडंसुद्धा लाकडाचं. आणि मिठाची रेती ओल धरते, ढेकूळ होतं, बाहेर पडत नाही. हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अय्यूबचाचांचा जन्म गेलाय त्या काठावर. ते असली रेती भरतीलच कशाला?"

"तुला माहीत, गो. फौजदाराला काय?" काकांनी वर्तमानपत्राची पुडी बांधली आणि खिशात घातली.

मी चाचांना वाचवायला आले होते, आणि माझ्याच हातानं त्यांच्याभोवती दोरी आवळली होती.

३

जगनकाकांच्या शेडला लागूनच मिथुनचं फॅब्रिकेशनचं दुकान. मिथुन घाटावरचा, लग्न करून रोह्यात आला. क्लबचं काम त्याला पाहिजे होतं, ते अय्यूबचाचांना गेलं, तेव्हापासून तो "सौदी रिटर्न" असं म्हणून नाक मुरडायचा. खाडीची रेती लोखंडात भरण्याची चूक घाटावरचा माणूस करू शकतो. शिवाय शेडची किल्ली खिळ्याला लटकलेली असते. खरं सांगायचं तर मिथुननंच केलं असावं अशी माझी इच्छा होती.

"या वहिनी. पोरगं काय म्हणतंय?" तो ग्रिल घासत होता. मी सरळच विचारलं.

"मी?" त्यानं मशीन बंद केलं. "अय्यूबचं काम वाईट व्हावं असं मला वाटायचं, व्हय, वाटायचं. पण त्या गाडीत माझा दोस्त बसला होता ओ. प्रणितच्या घरचे पोहे खाऊन उभा राहिलोय मी इथं. आणि खाडीची रेती आणायला मी पेणला जाऊ? दुकानामागं ढीग पडलाय कुंडलिकेच्या रेतीचा. चाखता का?"

मी मागे जाऊन चाखली. चव नव्हती. मिथुन बघत राहिला.

"वहिनी, तुम्ही घरी जाऊन झोपा जरा."

"कमानी तुझ्याकडे कधी आल्या होत्या? रंगाला, कशाला?"

"छे. निलेशनं सगळं स्वतः केलं. कमानी आणल्या, शेडमध्ये जोडल्या. मी त्याच्यासाठी केल्या त्या फक्त तुमच्या आईच्या."

"कुठल्या?"

"मांडवाच्या! भोपळ्याच्या वेलाला." तो हसला. "जावई असावा तर असा. मी म्हटलं, अरे बांबू टाक, तर म्हणे, सासूबाईंना पक्कं पाहिजे. पुठ्ठ्याचा साचा कापून आणला, अशाच वाकव, खाली फरशीला बोल्ट मारायला पट्ट्या लाव. पातळ पाइप दिला मी. भोपळ्याला काय, गाडी थोडीच पेलायची आहे?"

विठूनं माझ्या हातातली बांगडी खाली टाकली. ती लादीवर गोल गोल फिरली आणि बराच वेळ वाजत राहिली.

"काय झालं ओ?" मिथुननं विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. आणि स्वतःलाही तेच सांगितलं.

४

पेणच्या एसटीत विठू झोपला. मी खिडकीबाहेर बघत होते आणि एकच विचार परत परत मागे ढकलत होते.

अय्यूबचाचांच्या वर्कशॉपचं शटर अर्धं ओढलेलं. बाहेर कोणीतरी शेण फेकून गेलं होतं. चाचांची मुलगी फरझाना कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. तिनं विठूला माझ्या कडेवरून उचललं.

"मेली, पोराला उन्हातान्हात फिरवतेस," ती आतल्या खोलीतून म्हणाली. "तोंड बघ तुझं. जेवलीस का सकाळपासून?"

चाचा स्टुलावर बसले होते. हात मांडीवर, बिनकामाचे. मी त्यांना असं कधी पाहिलेलं नव्हतं.

"पाच वाजता बोलावलंय," ते म्हणाले. "फौजदार बोलला, वकील असेल तर घेऊन या. मी बोललो, माझे हात घेऊन येतो, दुसरं काय हाय माझ्याकडे?"

"चाचा, तुम्ही पाइप वाकवताना रेती भरता?"

"भरायचो. आता मशीन हाय, गरज नाय. आणि भरली तरी धुऊन, भाजून. कुठली तेसुद्धा विचारते?" ते किंचित हसले. "तू मिठागरातल्या ठमाबाईची पोर ना?"

"कमानी इथून कोणी नेल्या?"

"निलेश. टेम्पो घेऊन आलता. एकटा."

"तुमच्या कमानी ओळखायची काही खूण?"

"खूण म्हणजे... तू तेव्हा बोललीस ना, पायाला मजबूत करा, माझं पोर लहान हाय. ते ध्यानात राहिलं. मग मी चारी पायांना आतल्या अंगानं तिकोनी पट्टी जोडली. अंगठ्याएवढी. निलेशला बोललो पण नाय, वजन वजन करील म्हणून. फौजदाराला फोनवर सांगितलं. त्यानं जगनला विचारलं. मग बोलतो, गाडीला तर पट्टी नाय, म्हणजे तू लावलीच नायस."

मी डोळे मिटले. शेडमध्ये स्पंज सोलला तो पायथा आठवला. भोक, पुट्टी, सपाट पट्टी. तिकोन नव्हता.

म्हणजे चाचांच्या कमानी शेडपर्यंत पोचल्याच नव्हत्या. इथून निघाल्या आणि वाटेत कुठेतरी उतरल्या.

"मनस्वी," चाचांनी विचारलं, "तुला कोण वाटतंय?"

मी उठले. विठूला घेऊन निघाले. फरझाना दारापर्यंत आली आणि माझ्या पिशवीत डबा कोंबून म्हणाली, "अब्बा रात्री जेवले नाहीत. तू तरी खा."

५

दवाखान्यात प्रणितच्या खोलीत बाहेरच्या कुणाला फार वेळ थांबू देत नव्हते. तो उताणा पडलेला, मानेला पट्टा. मला पाहिलं तसा म्हणाला, "वहिनी, विठ्याला माझ्या पायावर बसवा बघू. कळतंय का बघतो."

मी बसवलं. विठूनं त्याच्या गुडघ्यावर हात आपटले. प्रणित छताकडे बघत वाट पाहत राहिला. मग म्हणाला, "राहू द्या."

मला विषय काढवेना. तोच बोलला.

"एक सांगू का? निलेशला दोनदा विचारलं, तो म्हणतो भास झाला. गाडी कलली ना, तेव्हा माझ्या कानाशी, पाइपात, काहीतरी पळालं."

"पळालं?"

"सर्रर्र असं. डब्यात डाळ ओततात तसं. आणि लगेच पाइप आत आला. मी इथं पडून तोच आवाज ऐकतोय. भास असेल तर डोक्यालाही मार बसलाय म्हणायचं, नाय का?" तो हसायला गेला. "डॉक्टर पायाचं बघतील हो. पण तो आवाज कसला होता एवढं कोणीतरी सांगा. येडा होईन मी."

कमानी कोणी बदलल्या हे शोधताना मी एक साधी गोष्ट बाजूला ठेवली होती. पाइपच खायचा असता तर रेती कायमची आत ठेवणं सोयीचं. ती काढायची कशाला? चाचांना बदनाम करायचं असतं, तरीही रेती काढण्यात काही अर्थ नव्हता. भोक कोणाला लागतं? रंग लागल्यावर ज्याला गाडीचं डोकं हलकं करायचंय त्याला. चढाला डुलायला नको म्हणून. म्हणजे त्या जीपमध्ये बसणाऱ्या दोघांपैकी एकाला.

आणि त्यातला एक मला विचारत होता की तो आवाज कसला होता.

फोन वाजला. आय. माझी आई, ठमाबाई, पेणपलीकडे खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात एकटी राहते.

"क गो, तुमच्यात काय भांडान झालंय काय?"

"का?"

"जावयाचा फोन आलता. बोलतो, आय, मांडवाच्या कमानी काढून न्हेतो, टेम्पो घेऊन येतो आता. आता गो! वेल भरलाय, भोपले लागलेत. दिलान कशाला न न्हेतोय कशाला? तो तं कामाव हाय बोललीस ना तू?"

"आय," मी म्हणाले, "मी येईपर्यंत त्याला हात लावू देऊ नकोस."

६

रिक्षावाल्याला मी इतकं घाईला आणलं की त्यानं विचारलं, घरी कोणी गेलं का.

आयच्या अंगणात, तुळशीच्या मागे, दोन काळ्या कमानी उभ्या होत्या, त्यांवर वेल चढलेला. मी गुडघ्यावर बसले. पायथ्याची माती हातानं बाजूला केली. आतल्या अंगाला अंगठ्याएवढी तिकोनी पट्टी. चारी पायांना. विठूची बांगडी काढून कमानीवर ठोकली. घंटेसारखा, भरदार, लांब आवाज निघाला. त्या आवाजानं मला रडूच आलं.

गोठ्याच्या भिंतीशी रेतीचा ढीग होता, भरतीचं पाणी अंगणात शिरू नये म्हणून आय दरवर्षी पसरते तो. त्यात शिंपल्यांचे पांढरे तुकडे.

"आय, त्यानं ह्यातली रेती नेली?"

"न्हेलान की. इथंच बसून काय काय करीत व्हता दिवसभर. जावयाला कोन इचारतोय गो, काय करतोस म्हनून? मी च्या दिला न शेतावर गेलू. जाताना एक पिशवी भरून न्हेलान. विठूला खेलाला, बोलला."

टेम्पोचा आवाज आला. निलेश कंपनीच्या गणवेशातच होता. मला बघितलं आणि थांबला. मग कमानीच्या पायथ्याशी उकरलेली माती बघितली.

"मनू, मी सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?"

तो उकरलेली माती बुटानं परत लोटू लागला.

"मग मी सांगते. तू मिथुनकडून भोपळ्याच्या नावाखाली पातळ कमानी केल्यास. चाचांच्या जाड कमानी टेम्पोतून इथे आणल्यास, कारण रोह्यात चार माणसं बघतात आणि इथे जावयाला कोणी विचारत नाही. पातळ पाइपात ह्या ढिगातली रेती भरलीस. काट्यावर वजन जुळलं, रंग लागला. मग रेती सोडायला लागलास. थोडी आली, बाकीची येईना. गोड्या नदीची असती तर भुरभुर पडून गेली असती. ही ढेकूळ होऊन राहिली, आणि काल गाडी कलली तशी सुटून पाइपातून पळाली. तू रोह्याचा. तुला रेती म्हणजे रेती."

"तुला कसं..."

"विठू थुंकला. पोरं रेती खातात, निलेश. गोड्या पाण्याची असती तर गुपचूप गिळली असती त्यानं. टबावर पाट मी ठेवला, आणि तरी मला कळलं नाही."

तो पायरीवर बसला. "मला फक्त तो चढ काढायचा होता. गाडी उलटेल असं... वीस वेळा चढलोय मी तिथं. तू ऐकत नव्हतीस. जाड, जाड, जाड. तुला समजावण्यापेक्षा..."

"मला फसवणं सोपं होतं."

"मी पण त्याच गाडीत होतो ना!"

"हो. उजव्या सीटवर."

आय विठूला घेऊन दारात उभी होती. ती एकदा त्याच्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. निलेश हळू आवाजात म्हणाला, "नोकरी जाईल, मनू. केस होईल. विठूचा विचार कर. चाचांवर सिद्ध काय होणार आहे? सुटतील ते. ह्या कमानी मी खाडीत टाकतो, कोणाला..."

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण माझा आवाज अगदी शांत निघाला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"रात्री मी उठून विठूचा श्वास बघते. तुझाही बघते, तुला माहीत नाही. ती भीती मी वागवेन, तो माझा स्वभाव आहे. पण चाचा आत आणि तू माझ्या शेजारी झोपलेला, हे मला जमणार नाही."

मी फोन काढला आणि त्याच्यासमोर जगनकाकांना लावला. "काका, ठाण्यात पोचलात तर फिर्याद थांबवा. अय्यूबचाचांच्या कमानी सापडल्या. पट्ट्यांसकट. माझ्या आईच्या अंगणात... हो. ज्यानं बदलल्या तो स्वतः येतोय."

निलेशनं फोन हिसकावला नाही. एवढंच मला त्याच्या बाजूनं सांगता येतं.

आयनं विळा आणला. "सर गो," म्हणाली, आणि वेल बुंध्याशी कापला. कोवळे भोपळे लोंबत होते ते तिनं ओच्यात घेतले. जावयाकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. कमान उचलायला निलेशनं हात घातला. एकट्याला ती पेलली नाही. टेम्पोवाला पुढे आला. मी जागची हलले नाही.

७

ठाण्याच्या आधी दवाखाना लागतो. मी टेम्पोवाल्याला तिथेच थांबायला सांगितलं.

"इथं कशाला?" निलेशनं विचारलं. तो घामानं निथळत होता.

"आधी आत जा. त्याला उत्तर दे."

"मनू, ठाण्यात सांगतो मी. सगळं सांगतो. पण प्रणितसमोर नको. प्लीज."

"फौजदारानं तुला काही विचारलेलं नाही अजून. प्रणितनं दोनदा विचारलंय. तू म्हणालास, भास झाला."

तो उतरला. शटर अर्धं ओढून बसलेले चाचा मला आठवत होते. घड्याळ पाचाकडे सरकत होतं. मी विठूला घेऊन त्याच्या मागोमाग गेले, पण खोलीत गेले नाही. हिरव्या पडद्याबाहेर उभी राहिले. विठूच्या मुठीत बांगडी होती. ती वाजू नये म्हणून मी त्याची मूठ माझ्या मुठीत धरली.

आतून प्रणितचा आवाज आला, आनंदी. "आलास? अरे तुझीच वाट बघत होतो. वहिनींना सांगितलं मी त्या आवाजाचं. त्या हसल्या नाहीत. म्हणजे भास नसेल, काय?"

खुर्ची सरकली. निलेश बसला असावा.

"भास नव्हता, प्रणित," तो म्हणाला. "रेती होती. मी भरलेली."